मांजरामागे सव्वा किलो

१

माझ्या बहिणीच्या दवाखान्यात शनिवारी सकाळी नऊ वाजता एका मांजराचे सव्वा किलो वजन चोरीस गेल्याचे उघडकीस आले. मांजर जागेवर होते. वजन तेवढे गेले होते.

मी तेथे गेलो होतो तो माझ्या कुत्र्याला, दिवाणाला, वर्षाची लस टोचून घ्यायला आणि त्याची नखे कापून घ्यायला. डॉक्टर सख्खी धाकटी बहीण असली तरी माणसाने रांगेत बसावे असे माझे मत आहे, आणि त्या मताची शिक्षा म्हणून मी एक तास दहा मिनिटे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून होतो. डावीकडे अखंड खाजवणारे कुत्रे, उजवीकडे टोपलीतून अखंड ओरडणारी मांजर, समोरच्या भिंतीवर जंतांचे रंगीत चित्र. यापैकी कशाकडे पाहावे याचा निर्णय मी करू शकलो नव्हतो, तोच काउंटरवर आवाज चढला.

"पाच किलो अडीचशे ग्रॅम! दहा दिवसांपूर्वी, याच काउंटरवर, माझ्या देखत. आणि आज चार किलो? हे वसतिगृह आहे की उपोषणाचा मांडव?"

बोलणाऱ्या बाई एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. सगळे त्यांना हेडबाई म्हणत. परगावी जाताना त्या आपला पंतोजी नावाचा नारिंगी बोका माझ्या बहिणीकडे ठेवत, आणि आज त्याला न्यायला आल्या होत्या. त्यांच्या हातात पंतोजीचे कार्ड होते. दवाखान्यात राहायला येणाऱ्या प्रत्येक जनावराचे येतानाचे व जातानाचे वजन त्यावर छापून देतात.

"काकू, तुम्ही जरा बसा ना," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

"मी काकू नाही. आणि मी बसणार नाही."

बहीण हातमोजे ओढीत बाहेर आली. सकाळपासून तिच्या दोन शस्त्रक्रिया आणि एक चावा झाला होता. चेहऱ्यावर तिन्ही दिसत होते. तिने कार्ड पाहिले. काउंटरवरच्या मुलीने खालच्या आवाजात सांगितले, की काल गेलेल्या दोघांचे आणि आज जायच्या आहेत त्यांचेही असेच उतरले आहे. एवढ्यात आतून बादली घेऊन मावशी आल्या. जनावरांना खाऊपिऊ घालणे, पिंजरे धुणे, उचलून वजनाला नेणे, हे सारे अकरा वर्षे याच एका बाईच्या हातांनी होत आले होते.

"मावशी, मांजरांचं खाणं कुठं जातं?" बहिणीने विचारले.

"मांजरांच्या पोटात."

"मग पोट कुठं गेलं?"

कोणी तरी हसले. मागून धाकटे डॉक्टर, म्हणजे बहिणीचे मदतनीस, गळ्यातली नळी सावरीत म्हणाले, "मॅडम, मी आत्ताच नोंदी पाहिल्या. मी रजेवर गेलो त्याच आठवड्यात हे सुरू झालंय."

बहिणीचा तोल गेला. "अकरा वर्षं! अकरा वर्षं मी माझ्या दवाखान्यात चोर पोसला!"

टोपलीतली मांजरसुद्धा ओरडायची थांबली. मावशींनी बादली खाली ठेवली, आणि काय करावे हे न सुचून पुन्हा उचलली.

"मी चार वाजता येते," हेडबाई म्हणाल्या. "तोवर दोषी माणूस इथं दिसता कामा नये. दिसला, तर माझी लेखी तक्रार तुमच्या परवान्याच्या मंडळाकडे जाईल. पंतोजी मात्र इथंच राहील. तो पुरावा आहे. त्याला कोणी एक घासही जास्तीचा देऊ नये."

त्या गेल्या. बहीण मावशींकडे न पाहता म्हणाली, "चारच्या आत खरं काय ते सांगा. नाहीतर किल्ल्या काउंटरवर ठेवा आणि जा."

मी उठलो. वजनमापे खात्यात मी चौतीस वर्षे निरीक्षक होतो. वजन हा पदार्थ मी ओळखतो. तो चोरीला जातो, याबद्दल वाद नाही. पण गेलेले वजन नेहमी कोठे तरी निघते. दुकानदाराच्या पोत्यात, काट्याच्या पारड्याखाली, वजनाच्या पोखरलेल्या बुडात. हवेत विरलेले वजन मी आजवर पाहिलेले नाही.

"दादा, तू मध्ये पडू नकोस," बहीण म्हणाली.

"मी मध्येच बसलेलो आहे. एक तास दहा मिनिटे."

२

ज्याला वस्तू कोठून कोठे जाते हे ठाऊक नाही, त्याने ती कोठे गेली हे विचारू नये. म्हणून मी आधी कामाची रीत समजून घेतली. ती समजावून देण्याची कोणाची इच्छा नव्हती, हे वेगळे सांगायला नको.

येणाऱ्या मांजराचे वजन काउंटरवरच्या छोट्या काट्यावर, टोपलीसकट, मालकासमोर होते. मग रिकामी टोपली ठेवून तिचे वजन वजा करतात आणि टोपली मालक घरी नेतो. जाणाऱ्याचे वजन मागच्या बाजूला, सकाळी पिंजरे धुण्याच्या वेळी, जमिनीवरच्या मोठ्या काट्यावर होते. आकडा मावशी मोठ्याने सांगतात, काउंटरवरची मुलगी तो कॉम्प्युटरमध्ये भरते, आणि कार्ड छापून बाहेर येते.

"म्हणजे वजाबाकी तू करतेस?" मी मुलीला विचारले.

"मी कशाला करू? मी आकडा टाकते. बाकीचं कॉम्प्युटर करतो."

"बाकीचं म्हणजे काय?"

"म्हणजे बाकीचं. काका, समोर माणसं उभी आहेत हो."

प्रश्न एक विचारावा आणि उत्तर तिसऱ्याच प्रश्नाचे यावे, ही या दवाखान्याची रीत मला पुढे तासाभरात अंगवळणी पडली. मी विचारले, खाण्याच्या डब्यांची मोजणी जुळते का? ती म्हणाली, जुळते. पण उघडल्यावर डबा कोणाच्या पोटात गेला हे डबा थोडाच सांगतो. हे उत्तर मला आवडले, म्हणून मी तिला अधिक बोलू दिले. ती चूक होती.

"मी कोणाची चुगली करत नाही हं, पण मावशी हल्ली जाग्यावर नसतात. दर अर्ध्या तासाला गायब. विचारलं की म्हणतात, 'आले गं'. कोठीचं दार लोटून आत काहीतरी खात असतात, मी दोनदा पाहिलंय. तोंड पुसत बाहेर येतात. दुपारी स्टुलावर बसल्या बसल्या पेंगतात. आणि ती पाण्याची बाटली! सारखी भरतात. आता माणूस एवढं पाणी कधी पितो? कोरडं काही खाल्लं की."

"मांजराचं कोरडं खाणं?"

"मी तसं म्हटलं नाही. तुम्ही म्हणालात."

"मोठ्या कुत्र्यांचं वजन उतरलंय का?"

"एकाचंही नाही. लॅब्राडोर तर दोनशे ग्रॅम चढूनच गेला. फक्त मांजरं आणि ती छोटी झिपरी कुत्री." तिने डोळे बारीक केले. "मोठ्यांचं खाणं गोणीतलं, साधं. लहानांचं डब्यातलं, महागाचं. चोर काय वेडा असतो?"

युक्तिवाद निर्दोष होता. मावशींविरुद्ध आता हेतू होता, संधी होती आणि साक्षीदारही होता. मला तो निर्दोषपणाच सलू लागला. चौतीस वर्षांत ज्या दुकानात सगळीच वजने बिनचूक निघाली, तेथे मी नेहमी दुसऱ्यांदा गेलो आहे.

३

धाकटे डॉक्टर हे टापटिपीचे तरुण गृहस्थ. खिशात तीन रंगांची पेने, मनगटावर पावले मोजणारे घड्याळ, आणि बोलण्यात "तत्त्वतः" हा शब्द. वरच्या परीक्षेसाठी ते तीन आठवडे रजेवर होते आणि कालच हजर झाले होते.

"मी असताना असं कधी झालं नाही," ते म्हणाले.

"आपण असताना काय वेगळं होत होतं?"

"शिस्त होती."

"शिस्त हे नाम झालं. मी क्रिया विचारतो आहे. आपण रोज नेमकं काय करत होता, जे गेले तीन आठवडे झालं नाही?"

ते थोडे चिडले. "लक्ष ठेवत होतो. मॅडम दिवसाला पन्नास जनावरं तपासतात, त्यांना मागं बघायला वेळ नाही. नोंदीचा तक्ता मीच बसवला आहे. त्यात सगळं दिसतं. पहिल्या आठवड्यात जाणाऱ्या मांजरांचं वजन चारशेच्या आसपास कमी. दुसऱ्या आठवड्यात आठशे. या आठवड्यात सव्वा किलो. हात धीट होत गेला, दुसरं काय?"

माझा पहिला संशय अर्थातच काट्यावर होता. आयुष्यभर ज्याने काट्यांनाच गुन्हेगार ठरवले, त्याने माणसावर उगाच का घसरावे? मी कोठीतून वीस किलोची सीलबंद गोणी ओढून आणली. दिवाण सुटून मदतीला आला, गोणीवर बसला, आणि त्याला उतरवण्यात सात मिनिटे गेली.

एक गोणी : वीस किलो शंभर. दोन गोण्या : चाळीस किलो दोनशे. तीन : साठ किलो तीनशे. शंभर ग्रॅम गोणीच्या कापडाचे. काउंटरवरचा छोटा काटा मी मिठाच्या पुड्या मागवून तपासला, तोही खरा.

धाकटे डॉक्टर शेजारी उभे राहून पाहत होते. साठाचा आकडा उमटला तेव्हा ते काही तरी बोलणार असे वाटले. पण त्यांनी पेनाचे टोपण काढले, लावले, आणि आत निघून गेले.

दोन्ही काटे प्रामाणिक होते. माझे चौतीस वर्षांचे शास्त्र तीन गोण्यांखाली चिरडले गेले होते. घड्याळात पावणेदोन वाजले होते, आणि मावशींनी किल्ल्यांचा जुडगा कमरेचा सोडून हातात घेतला होता.

४

मांजरांच्या खोलीत दोन ओळींत बारा पिंजरे होते. फिनेलचा आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास. मावशी खालच्या ओळीसमोर स्टुलावर बसून पिंजऱ्याची कडी पुसत होत्या. ज्या कामावरून दोन तासांत जायचे, ते काम.

"विचारा," त्या म्हणाल्या. "सगळ्यांनी विचारलंय. आता तुम्ही विचारा, दादा."

"कोठीत काय खाता?"

"माझा डबा. दोन आणते हल्ली. भूक लागते हो, काय करू? अकराला एक संपतो, दीडला दुसरा, तरी पोटात खड्डा. डॉक्टरबाईंनीच सांगितलंय, जनावरांच्या खोलीत खायचं नाही. म्हणून कोठीत खाते. आता कोठीत खाल्लं तर चोरी झाली!"

"हे सकाळी का सांगितलं नाही?"

"कोणाला? विचारलं कोणी?" त्यांनी बाटली तोंडाला लावली आणि अर्धी रिकामी केली. "पोट कुठं गेलं म्हणे. सगळे हसले. मी काय मांजराचं खाते? वास घेतलाय का त्या डब्याचा कधी?"

एवढे बोलून त्या उठल्या. "आले हं." आणि गेल्या. पाच मिनिटांनी परतल्या, ओले हात कपड्यांवरच्या एप्रनला पुसत. त्या एप्रनचे बंद त्यांनी कमरेला दोन वेढे देऊन पुढे गाठवले होते. ज्याचे मोजमाप चुकले आहे असे काहीही मला खटकते. पण एप्रनचा विचार करण्याची ती वेळ नव्हती, असे मी समजलो. मी मूर्ख होतो.

पंतोजी पुरावा म्हणून आपल्या पिंजऱ्यात पडला होता. सव्वा किलो, म्हणजे अंगाचा चौथा हिस्सा, गमावलेल्या जीवाच्या बरगड्या दिसायला हव्यात. याच्या बरगड्या शोधायला मला बोट रुतवावे लागले, आणि त्याने ते चावले.

"बघा!" मावशी म्हणाल्या. "हा उपाशी आहे? याला उचलताना माझे हात भरून येतात."

"वजन कसं करता, मला दाखवा."

"त्यात काय दाखवायचं? मोठा कुत्रा स्वतः काट्यावर उभा राहतो. मांजर राहतं का? ठेवलं की पळतं." त्यांनी पंतोजीला छातीशी घेतले, बाहेरच्या मोठ्या काट्याकडे गेल्या आणि त्याच्यासकट वर चढल्या. "साठ चाळीस!" त्यांनी सवयीने ओरडून सांगितले. काउंटरवरून उत्तर आले, "आता कशाला, मावशी?"

साठ किलो चारशे. मी तो आकडा टिपला, कारण आकडे टिपणे ही माझी सवय आहे, समजणे हा योग आहे. मग मी तीन आठवड्यांची कार्डे मागितली. मुलीने ती माझ्यासमोर आपटली.

सगळ्यात वरचे कार्ड एका पिल्लाचे होते. काल सकाळी आले, आज सकाळी जाणार. मुक्काम एक रात्र. येताना दोन किलो शंभर. जाताना आठशे पन्नास ग्रॅम.

एका रात्रीत सव्वा किलो. एवढे तर ते पिल्लू कापून अर्धे नेले असते तरच कमी झाले असते.

५

मी कार्डे जमिनीवर पसरली. दिवाण त्यांवर झोपला. त्याला हलवून मी ती आठवड्यांप्रमाणे लावली, आणि मग जे दिसले ते इतके उघड होते, की मला आनंदाऐवजी संताप आला. सकाळपासून पाच सुशिक्षित माणसे, त्यांत मी धरून, उंदराला मांजर साक्ष ठेवून खटला चालवीत होती.

साडेतीनला मी सगळ्यांना तपासणीच्या खोलीत बोलावले. बहीण दोन सुयांच्या मधे आली. हेडबाई चारच्या ऐवजी पावणेचारला आल्या आणि दारातच म्हणाल्या, "ही बाई अजून इथंच?"

"अजून पंधरा मिनिटं त्या इथं असण्याचा त्यांना हक्क आहे," मी म्हणालो. "या कार्डांकडे पाहा. या आठवड्याची चार. आठशे पन्नास ग्रॅमला उतरलेलं पिल्लू, पंतोजी, एक झिपरी कुत्री आणि एक सात किलोचा काळा बोका. चौघांचं किती उतरलं?"

"सव्वा किलो," धाकटे डॉक्टर हळूच म्हणाले.

"प्रत्येकाचं. पिल्लाचंही सव्वा, बोक्याचंही सव्वा. उपासमारीला एवढी समता कोणी शिकवली? चोर घास पळवील, तर खादाडाचा जास्त जाईल आणि चिमुरड्याचा कमी. पुढं पाहा. पिल्लू एक रात्र राहिलं, पंतोजी दहा दिवस. उतरलं सारखंच. म्हणजे किती दिवस उपाशी राहिलं यावर काही अवलंबून नाही. अवलंबून आहे ते फक्त कोणत्या आठवड्यात वजन केलं यावर."

"दादा, मला बाहेर अकरा जण आहेत," बहीण म्हणाली. "निष्कर्ष सांग."

"सांगतो. मोठे कुत्रे एकटे काट्यावर चढतात. त्यांचं काही गेलं नाही. ज्यांचं गेलं ती सारी मावशींच्या हातांतून चढतात. काटा खरा आहे, जनावरं तीच आहेत. मग त्या काट्यावर आणखी कोण उभं असतं?"

मावशींनी स्वतःकडे पाहिले.

"काउंटरवर मावशींसकट आकडा भरला जातो आणि तक्ता त्यातून मावशींचं वजन आपोआप वजा करतो. ते वजन तक्त्यात कोण भरतं?"

मुलगी म्हणाली, "म्हणजे? ते भरावं लागतं?"

मी धाकट्या डॉक्टरांकडे वळलो. त्यांचे घड्याळ त्यांना उभे राहून बराच वेळ झाल्याची सूचना देत होते.

"दर सोमवारी," ते म्हणाले. "दर सोमवारी सकाळी मी त्यांना रिकाम्या हातांनी काट्यावर उभं करतो आणि आकडा बदलतो. रजेवर जाताना... ते कोणाला सांगायचं राहिलं."

"तक्त्यात आत्ता काय आहे?"

"छप्पन्न किलो चारशे."

"मावशी, चढा. रिकाम्या हातांनी."

पंचावन्न किलो दीडशे.

हेडबाई मुख्याध्यापिका होत्या. त्यांना वजाबाकी करायला कागद लागला नाही. "सव्वा किलो," त्या म्हणाल्या. आणि मग, आवाज खाली आणून, "म्हणजे माझा पंतोजी..."

"दुपारी त्याला घेऊन मावशी साठ किलो चारशे भरल्या. पंचावन्न दीडशे वजा करा. पाच किलो अडीचशे. आला तसाच आहे. थोडा अधिक उद्धट झाला असेल."

बहीण धाकट्या डॉक्टरांकडे पाहत होती. "तुम्हाला हे केव्हा कळलं?"

"गोण्या ठेवल्या तेव्हा."

"पावणेदोनला! आणि आता चारला आले."

"मी बोलणारच होतो, मॅडम. तत्त्वतः—"

"कधी बोलणार होता?" हे मावशींनी विचारले. "मी फाटकाबाहेर पडल्यावर?"

६

येथे थांबलो असतो, तर खटला निकाली निघाला असता आणि मी घरी जाऊ शकलो असतो. दिवाणाची नखे अजून कापायची होती. पण गेलेले वजन कोठे तरी निघतेच, असे मी सकाळी मोठ्या तोऱ्यात म्हटले होते, आणि मांजरांचे सव्वा किलो मावशींकडे निघाले होते. मावशींचे कोठे गेले?

"आधीच्या सोमवारांचे आकडे आहेत का?" मी विचारले.

धाकट्या डॉक्टरांनी फोन काढून पुढे केला. यादी तारीखवार, सुबक, दोन रंगांत होती. मी दर चौथा सोमवार वाचत खाली आलो. बासष्ट शंभर. एकसष्ट साडेतीनशे. साठ दोनशे. एकोणसाठ. सत्तावन्न साडेसातशे. छप्पन्न चारशे. त्याखाली तीन रिकाम्या ओळी.

"तुम्ही हे दर सोमवारी लिहिलंत," मी म्हणालो. "कधी वाचलं नाहीत?"

"मांजराचं वजन बरोबर यावं म्हणून लिहीत होतो," ते म्हणाले. त्यांच्या स्वरात प्रथमच खरी लाज होती.

बहिणीने फोन हातात घेतला. तिने यादी वरून खाली वाचली, मग मावशींच्या एप्रनच्या दोन वेढ्यांकडे पाहिले. तिचा चेहरा बदलत गेला. सकाळचा वैतागलेला मालकिणीचा चेहरा गेला आणि जनावर टेबलावर ठेवल्यावर तिचा जो चेहरा होतो, तो आला.

"मावशी, पाणी किती पिता?"

"खूप. घसा सुकतो."

"रात्री उठावं लागतं?"

"तीन-चारदा. वय झालं म्हटलं."

"आणि भूक?"

"तीच तर सांगत होते. दोन डबे खाऊनसुद्धा..."

मला काउंटरवरच्या मुलीची साक्ष आठवली. दर अर्ध्या तासाला गायब, सारखी बाटली, चोरून खाणे, बसल्या जागी पेंग. आरोपपत्रातले एकेक कलम खरे होते. आम्ही ते फक्त चुकीच्या खात्याकडे पाठवले होते.

बहिणीने खणातून साखर मोजायचे यंत्र काढले. मांजराच्या कानाच्या कडेला टोचतात, ती सुई तिने मावशींच्या बोटाला टोचली.

"चारशे बारा," ती म्हणाली. "हे यंत्र मांजरांसाठी आहे, माणसाचा आकडा थोडा इकडेतिकडे होईल. पण इतका नाही." ती स्टुलावर बसली. "एखादं मांजर खूप पाणी पितंय, खूप खातंय आणि रोडावतंय, असं कोणी फोनवर जरी सांगितलं तरी मी म्हणते, आजच घेऊन या. आणि तुम्ही रोज सकाळी माझ्यासमोरून..."

"मी काही म्यॅव करत नाही ना," मावशी म्हणाल्या. "माझ्याकडे कशाला बघाल?"

यावर कोणी हसले नाही.

"चला," बहीण उठली. "माणसांच्या डॉक्टरकडे. आत्ता. गाडी मी काढते. बाहेरचे अकरा जण धाकटे डॉक्टर बघतील."

"मी बघतो," धाकटे डॉक्टर घाईने म्हणाले.

हेडबाईंनी पिशवीतून आपली लेखी तक्रार काढली, तिची घडी घातली आणि पुन्हा आत ठेवली. "चोर सोडून संन्याशाला फाशी दिली आपण," त्या म्हणाल्या. "मीही दिली. बाई, मला वाईट वाटतं."

"तुम्ही निदान चोर म्हणाला नाहीत," मावशी म्हणाल्या.

त्या स्टुलावरून हलल्या नव्हत्या. बहिणीने पर्स घेतली होती, किल्ली घेतली होती, दार उघडले होते.

"मावशी, उठा ना. उशीर करून चालणार नाही. साखर चारशेच्या वर आहे, काय होईल सांगता येत नाही."

"जे व्हायचं ते पाच मिनिटं थांबेल. तुम्ही सकाळी बाहेर म्हणालात ना? मोठ्यानं म्हणालात. सगळी माणसं ऐकत होती."

"माझी चूक झाली. मी माफी मागते. मनापासून मागते."

"ही इथली झाली. दार लावून." मावशींनी टोचलेले बोट दाबून धरले होते. "बोललात तिकडे आणि माफी इकडे, असं कसं चालेल?"

"सकाळचे लोक आता नाहीत, मावशी. गेले ते."

"त्यांचे फोन नंबर आहेत की काउंटरवर. सोमवारी एकेकाला करा. आज जे बसलेत, त्यांना आज."

माझी बहीण पन्नाशीला आली आहे आणि लहानपणापासून तिने कोणाची क्षमा मागितल्याचे मला स्मरत नाही. ती माझ्याकडे पाहू लागली. या बाबतीत माझ्याकडे पाहण्यात अर्थ नव्हता. मावशींचा मुद्दा मला तर्काच्या प्रत्येक बाजूने बिनतोड वाटत होता, आणि मी तसे म्हणालोही.

ती बाहेर गेली. आम्ही मागून गेलो, मावशी सगळ्यांच्या शेवटी. अकरा खुर्च्यांवर अकरा माणसे, टोपल्या, दोऱ्या. दोन कुत्री एकमेकांवर भुंकत होती.

"ऐका जरा," बहीण म्हणाली. "सकाळी मी आमच्या मावशींना इथं सगळ्यांसमोर चोर म्हणाले. ते खोटं होतं. त्यांनी काही घेतलेलं नाही. चूक माझ्या दवाखान्याची होती, आणि... माझी."

कुत्री भुंकतच होती. कोपऱ्यातल्या आजोबांनी कानामागे हात नेला.

"मागच्या ओळीला ऐकू नाही गेलं," मावशी दारातून म्हणाल्या.

बहिणीने श्वास घेतला आणि सगळे पुन्हा, पहिल्या शब्दापासून, शस्त्रक्रियेतही कधी चढवला नाही इतका आवाज चढवून सांगितले. या वेळी कुत्रीही थांबली. आजोबांनी मान डोलावली.

मावशींनी एप्रनची गाठ सोडली, बंदांचे दोन्ही वेढे उलगडले आणि एप्रन घडी करून काउंटरवर ठेवला. किल्ल्या मात्र त्यांनी पुन्हा कमरेला खोचल्या.

"हं," त्या म्हणाल्या. "आता चला."